नेरिओ थांबला नाही

सायकलच्या शर्यतीत जिंकणारा एक असतो आणि त्याच्यापायी घाम गाळणारे सात-आठ असतात, हे कास्तेलवेर्नाच्या लोकांना कधी पटलंच नाही. डोंगरातली माणसं. कोळसा पाडणारी, चेस्टनट वेचणारी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शर्यतीला गेलास ना, मग जिंकलास का? नाही? मग एवढ्या लांब कशाला गेला होतास?

नेरिओ कोर्तेझीला हा प्रश्न दर हिवाळ्यात ऐकावा लागे. शर्यतींचा मोसम संपवून तो घरी यायचा, उन्हानं रापलेला, पायाच्या नसा दोरखंडासारख्या फुगलेल्या, आणि गावच्या बारमध्ये पाऊल टाकलं की पत्ते खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी मान वर न करताच म्हणायचं, "आला बघा आमचा पाणक्या."

त्यात खोटं काही नव्हतं. नेरिओ पाणक्याच होता. व्यावसायिक संघात होता, पगार घेत होता, देशातल्या प्रत्येक घाटाची चढण त्याच्या मांड्यांना पाठ होती; पण त्याचं काम कप्तानाला जिंकवण्याचं. वारा समोरून आला की कप्तानाच्या पुढं राहून छातीवर घ्यायचा. कप्तानाचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला संघाच्या गाडीची वाट बघत बसायचं. उन्हाच्या टप्प्यात घसे कोरडे पडले, की कप्तान मागं न बघता "नेरिओ, पाणी" एवढंच म्हणे. मग नेरिओ पुढचं गाव आलं की सायकल भिंतीशी फेकून बारमध्ये घुसायचा, काउंटरवरून उडी मारून हाताला लागतील त्या बाटल्या जर्सीत पुढं-मागं कोंबायचा आणि बारवाल्याच्या शिव्या पाठीवर घेत पळत सुटायचा. अशी धाड घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा घाईत त्यानं पाण्याऐवजी व्हिनेगरची बाटली आणली आणि कप्तानानं अर्धी पिऊनही टाकली, तो किस्सा सायकलवाल्यांच्या घोळक्यात दोन वर्षं चघळला गेला.

कप्तान म्हणजे दुइलिओ संग्वेत्ती. खालच्या मैदानातला, गिरणीवाल्याचा मुलगा, बोलणं मोजकं. हॉटेलात दोघं एकाच खोलीत झोपायचे. नेरिओची आई गेली तेव्हा दुइलिओ एक शर्यत सोडून एवढा डोंगर चढून आला होता आणि शवपेटीला खांदा देऊन, न जेवता परत गेला होता. त्यानंतर नेरिओनं त्याच्यासाठी चाक काय, पायही काढून दिला असता.

बापाला मात्र यातलं काही कळत नव्हतं. आल्चिदे कोर्तेझीनं जन्मभर कोळशाच्या भट्ट्या लावल्या. धुरानं त्याची छाती आतून काजळली होती. मुलगा घरी आला की तो एकच विचारायचा, "यंदा किती?" आणि नेरिओ म्हणायचा, "दुइलिओ तीन जिंकला." म्हातारा खोकायचा, शेकोटीत थुंकायचा आणि म्हणायचा, "दुइलिओच्या बापाला सांग मग ते."

हे म्हातारा रागानं बोलायचा असं नाही. त्याला खरोखरच कळायचं नाही, आणि तेच नेरिओला जास्त लागायचं.

त्या वर्षी वसंतात संघाचा व्यवस्थापक तारोझी यानं नेरिओला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या मोसमात दोन नवी पोरं घ्यायची आहेत. मग नेरिओच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तुझं बघू." हे 'बघू' काय असतं ते सायकलवाल्यांना बरोबर कळतं. नेरिओ तिशी ओलांडून गेला होता. बापाला डॉक्टरनं पुढच्या हिवाळ्याची खात्री दिली नव्हती. आणि त्याच वर्षी देशभर फिरणाऱ्या मोठ्या शर्यतीचा रस्ता, कोणाच्या तरी मनात आलं म्हणून, कास्तेलवेर्नावरून आखला गेला.

सायकलवाल्यांचा एक रिवाज आहे. तो कुठल्या नियमात लिहिलेला नाही, म्हणूनच तो पाळला जातो. शर्यत एखाद्याच्या गावावरून जाणार असेल तर त्यानं आदल्या दिवशी विचारायचं. मग मोठे कप्तान घोळका आवरतात, गप्पा मारत सावकाश चालतात, आणि त्या माणसाला एकट्याला पुढं सोडतात. त्यानं गावात उतरायचं, आईला-बायकोला मिठी मारायची, एक घोट घ्यायचा आणि घोळका येईपर्यंत तिथंच थांबायचं. घोळका आला की परत त्यात शिरायचं. ही मोकळीक भेटीसाठी असते. तिचा फायदा घेऊन पळ काढणं म्हणजे देवळाच्या दानपेटीत हात घालणं. तसं कोणी करत नाही. करावं असं कोणाच्या मनातही येत नाही.

नेरिओसाठी दुइलिओ स्वतः जाऊन बाकीच्या कप्तानांना भेटला. एकजण कुरकुरला, की गाव शेवटच्या मोठ्या चढावर आहे, तिथून पुढं नुसता उतार, जरा जोखमीचं आहे. दुइलिओ म्हणाला, "माझा माणूस आहे. शब्द माझा." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. चढाच्या पायथ्याशी दुइलिओनं नेरिओच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा. बाबांना माझा नमस्कार सांग." नेरिओ निघाला. तो रस्ता त्याच्या लहानपणचा. याच रस्त्यानं तो मालवाहू सायकलवर पावांच्या टोपल्या लादून वरच्या वाड्यांवर पोचवायचा. वळणावळणावर ओळखीचे चेहरे, भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं त्याचं नाव. घोळका खाली दिसेनासा झाला. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी ठासून सांगतो. चर्चसमोर पोचला तेव्हा त्यानं एक पाय पायडलच्या पट्ट्यातून सोडवलासुद्धा होता.

बारसमोर टेबल मांडलं होतं. पांढरा कपडा, लांब्रुस्को वाइनची बाटली, डुकराच्या मांसाच्या मोर्तादेल्लाचे काप, चेस्टनटच्या पिठाची धिरडी. इओले, त्याची बायको, निळा पोशाख घालून हातात टॉवेल घेऊन उभी. आणि खुर्चीवर बाप. म्हातारा काठीवर भार देऊन उठून उभा राहिला.

"बाकीचे किती मागं आहेत?" त्यानं विचारलं.

"बरेच. सावकाश येतायत, बाबा. मला तुम्हाला भेटायला सोडलंय."

"म्हणजे तू पहिला आहेस."

"तसं नाही ते."

"रस्त्यात तुझ्यापुढं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग उतरतोस कशाला?"

आयुष्यभर जो रिवाज श्वासासारखा नेरिओच्या अंगात होता, तो बापाला चार शब्दांत सांगता येईना. तेवढ्यात मागून कोणी ओरडलं, "अरे जा की!" आणि सगळा गाव ओरडायला लागला. पावाच्या भट्टीवाली देल्फिना, नुकतीच बाळंत झालेली, तीसुद्धा बाह्या सरसावून पुढं घुसली आणि सीटला हात लावून ढकलायला लागली. पत्तेवाले, पाद्रीबाबा, सगळे. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं पाणक्या म्हणून हिणवलं त्यांचे डोळे भरून आले होते. फक्त इओलेनं हँडल धरलं. "नेरिओ, थांब. शब्द देऊन आलायस ना?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग बापाकडं. म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं, धाप लागली होती, आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे नेरिओनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्यानं इओलेची बोटं हँडलवरून हळूच सोडवली आणि पाय पट्ट्यात घातला.

पुढं लोक म्हणायचे, गावानं त्याला ढकललं. नेरिओनं स्वतःशी ती पळवाट कधी काढली नाही. धक्का चर्चच्या कोपऱ्यापर्यंतच पुरला होता. तिथून पुढं पायडल त्यानंच मारलं.

घोळका गावात आला तो हसतखेळत. टेबलाजवळ सगळे जवळजवळ थांबलेच. दुइलिओनं गर्दीत इकडंतिकडं पाहिलं, आणि इओले ओळखीची म्हणून तिला विचारलं, "कुठंय तो?" त्या बिचारीनं टॉवेल धरलेला हात उचलून उताराकडं दाखवला. दुइलिओला समजायला वेळ लागला. मग एकच आरडाओरडा झाला, शिव्या झाल्या, घोळका उतारावर तुटून पडला. पण तोवर फार उशीर झाला होता.

नेरिओ जिंकला. एकटा, हात वर न करता. फुलांचा गुच्छ हातात पडला, पोरींनी गालांचे मुके घेतले, तारोझीनं मिठी मारली. रिवाज गेला खड्ड्यात, संघाचं नाव उद्या पेपरात होतं. दुइलिओ बऱ्याच वेळानं आला. त्यानं सायकल भिंतीला नीट टेकवली, तोंड पुसलं आणि नेरिओसमोर येऊन उभा राहिला. नेरिओला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझा शब्द तू मोडला असतास, तर तुझं तू निस्तरलं असतंस," दुइलिओ म्हणाला. "हा माझा होता."

त्यानंतर तो नेरिओशी बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

घोळका माणसाला मारहाण करत नाही. तो फक्त जागा देत नाही. दुसऱ्या दिवसापासून नेरिओ ज्याच्या मागं लागे तो बाजूला सरके. अरुंद रस्त्यावर कोपर लागे आणि तो गटाराच्या काठाला जाई. चाक पंक्चर झालं, हात वर करून तो उभा राहिला, आणि त्याच्याच संघाची माणसं समोर बघत निघून गेली. ज्यांच्यासाठी त्यानं बारमधून बाटल्या पळवल्या होत्या त्यांनी घोटभर पाणी दिलं नाही. शर्यत संपायच्या आधीच, एका थंड घाटात, तो इतका मागं पडला की पंचांनी त्याला बाद केलं. मोसम संपल्यावर तारोझीनं हात झटकले. "जिंकलास हे खरं," तो म्हणाला, "पण तुझ्याबरोबर खोलीत झोपायला कोणी तयार नाही रे."

नेरिओ घरी आला. या वेळी बारमध्ये शिरला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. काउंटरच्या मागं त्याचा फोटो, गुच्छासकट, चौकटीत. आल्चिदे येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायचा, की पोरगा माझ्यासमोरून एकटा गेला, एकटा, मागं कुत्रंही नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. सुखानं गेला. मरणाच्या आदल्या दिवशी त्यानं पाद्रीबाबालाही तो उतार वळणावळणानं सांगितला. बापाला हे सुख दिलं, हे नेरिओ कधी नाकारत नसे. पण ते कोणाच्या खिशातून काढून दिलं हेही तो विसरला नाही.

चर्चच्या मागं त्यानं सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. दिवस गेले. गावात ती गोष्ट दर वर्षी वाढत गेली. उतार लांबला, पाठलाग करणारे नामांकित झाले, आणि 'भेटीसाठी सोडलं होतं' एवढं वाक्य तेवढं गळून गेलं. नेरिओनं ते परत घातलं नाही. कोणी त्याच्या ग्लासात वाइन ओतून त्या दिवसाबद्दल छेडलं की तो हसायचा आणि सायकलच्या चेनचं काहीतरी बोलणं काढायचा. घरी इओले एकदा फणकारली, "तू पळालास तेव्हा त्या टेबलाशी मी उभी होते. सगळ्या घोळक्याला तोंड मी दिलं. आणि तुझी जीभ अजून उचलत नाही." शर्यत टीव्हीवर लागली की इओले उठून बाहेर जायची.

आणि मग देल्फिनाचा मुलगा लोरिस सायकलीवर बसायला लागला. नेरिओ जिंकला त्या दिवशी पाळण्यात होता तो. त्याची पहिली शर्यतीची सायकल नेरिओनंच बांधून दिली, एकेक तार स्वतः आवळून. पोरगा मेहनती निघाला, फार चपळ नव्हे, पण चिवट. व्यावसायिक संघात गेला तेव्हा गावानं फटाके उडवले. तिथं तो काय करतो म्हणून नेरिओनं विचारलं, तर हसून म्हणाला, "पाणी वाहतो, काका."

त्या दिवसानंतर वीसेक वर्षांनी मोठ्या शर्यतीचा रस्ता पुन्हा कास्तेलवेर्नावरून आखला गेला. गावाच्या आनंदाला भरतं आलं. नेरिओला झोप लागेना. आपल्यामुळं लोरिसला कोणी पुढं सोडणार नाही, हे देल्फिनाला सांगावं का? काय सांगावं? त्या वेळचे सायकलवाले केव्हाच घरी बसले, आता नवी पोरं आहेत, त्यांना कोण नेरिओ आणि कुठलं काय, अशी त्यानं आपली समजूत घातली. पण जुने सायकलवालेच आता संघांच्या गाड्यांतून फिरतात, आणि त्यांच्या तोंडून नव्यांच्या कानात काय काय जातं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बोलला नाही. सकाळी देल्फिनाबरोबर त्यानं टेबल उचलून बारसमोर मांडलं, कपड्याचं टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून दगडही ठेवला.

देल्फिनानं लोरिसच्या आवडीचा बदामाचा केक केला होता. केस बांधून, कानांत डूल घालून ती रस्त्यात जवळजवळ मध्येच उभी होती. खालून शिट्या ऐकू आल्या, पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या. पुढं एकटा कोणी नव्हता. घोळका सगळाच्या सगळा आला, जोरात, खाली माना घालून. लोरिस मधोमध होता. त्यानं मान वर केली नाही. आईसमोरून जाताना हँडलवरचं एक बोट तेवढं उचललं, आणि गेला. ताट हातात धरून देल्फिना बाजूला झाली, कारण मागून गाड्या येत होत्या.

दुपारभर बारमध्ये तोच विषय. कोणी कप्तानांना शिव्या घातल्या, कोणी म्हणालं आताच्या माणसांना माणुसकी राहिली नाही. देल्फिना केक न कापताच तो घेऊन आत आली आणि सरळ नेरिओच्या टेबलाशी उभी राहिली.

"तुझ्या वेळी तर तुला पुढं सोडलं होतं ना रे?" ती म्हणाली. "माझ्या पोरात काय कमी होतं?"

नेरिओनं ग्लास खाली ठेवला. "त्याच्यात नाही. माझ्यामुळं झालं हे." आणि इतकी वर्षं जे गिळलं होतं ते त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं: मोकळीक कशासाठी असते, शब्द कोणाचा होता, आणि तो कसा जिंकला. पत्तेवाले हसायला लागले. एकजण म्हणाला, चढली याला. दुसरा म्हणाला, अरे, पुढं गेला तो पुढं गेला, त्यात चोरी कसली? फोटोखाली उभा असलेला बारवाला फडकं फिरवत राहिला.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. लोरिस होता, मुक्कामाच्या गावाहून. देल्फिना थोडं बोलली, डोळे पुसले. नेरिओनं हात पुढं केला आणि तिनं रिसीव्हर दिला.

"लोरिस, 'नाही' म्हणताना त्यांनी माझं नाव घेतलं का?"

"'नाही' असं कोणी म्हणालंच नाही, काका. मी विचारलंच नाही."

"का?"

"पहिल्याच वर्षी जेवताना कोणी विचारलं, गाव कुठलं. मी कास्तेलवेर्ना म्हटलं, तर सगळं टेबल गप्प झालं. मग संघाच्या गाडीतले जुने सायकलवाले म्हणाले, त्या गावात थांबायला मागू नकोस हं. हसतच म्हणाले. विचारलं असतं तर आज कदाचित सोडलंही असतं. पण मागायला तोंड नव्हतं मला."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुम्हाला काय बोलू, काका?"

नेरिओनं रिसीव्हर जागेवर ठेवला. देल्फिना त्याच्या तोंडाकडं बघत होती. लोरिस जे म्हणाला ते त्यानं तिला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. तिनं ऐकून घेतलं. केकचं ताट उचललं, दाराशी गेली, आणि तिथून वळली.

"हे सगळं माहीत असून सकाळी माझ्याबरोबर टेबल मांडत होतास?"

"हो," नेरिओ म्हणाला.